रेघ वाकडी दिसली तर थांबू नका

आमच्या कारध्यात वर्षावास लागला की सायंकाळी विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आमच्या वस्तीत कितीतरी वर्षे हे वाचन आमची आई करायची. मग एका वर्षावासात तिने ग्रंथ शेजारच्या सुनेच्या हाती दिला. म्हणाली, “तू वाच व बाई, माहा चष्मा जुना झाला.”

आम्हीही तेच धरून चाललो. दुकानातून नवा चष्मा आणला. तरी अक्षरे जागेवर राहिनात. “वय झाले, मोतीबिंदू पिकत असेल, धान निघाले की पाहू,” असे म्हणत दोन महिने गेले. एक दिवस वैनगंगेच्या पुलावरून ऑटोने भंडाऱ्याला जाताना उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तिने तो पदराने झाकला आणि एकदम विचारले, “पुलाचे कठडे वाकले काय रे?”

कठडे सरळच होते. डाव्या डोळ्याला ते वाकडे दिसत होते. तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. आईला मधुमेह होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. आणि डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “इतके दिवस काय करत होता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचे दोन महिने अज्ञानात गेले. तुमच्या घरी तसे होऊ नये म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

पडदा म्हणजे काय?

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो. समोरची भिंग प्रकाश आत सोडते आणि चित्र या पडद्यावर उमटते. पडद्याच्या मधोमध काही मिलिमीटरची एक जागा आहे. तिला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, तांदळातले खडे निवडणे ही सारी बारीक कामे या लहानशा जागेच्या भरवशावर चालतात. आजूबाजूचा पडदा आपल्याला बाजूचे दाखवतो आणि चालताना सांभाळतो.

रेघ वाकडी का दिसते, हे आपल्या भागातल्या माणसाला रोवणीवरून लवकर समजेल. बांधीत धानाची रोपे ओळीने लावली आहेत. खालून चिखल फुगला तर रोपे सरकतात, ओळ मोडते. पडद्यातल्या पेशीही अशाच ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्याखाली किंवा आत पाणी साचले, पडद्याला सुरकुती पडली, की पेशी जागेवरून हलतात. मेंदूला मात्र हे कळत नाही. तो जुन्याच हिशोबाने चित्र जुळवतो. म्हणून दाराची चौकट मध्येच पोट आल्यासारखी दिसते, ओळीतली अक्षरे वरखाली होतात, कधी मध्येच काळा डाग दिसतो, कधी एका डोळ्याला वस्तू लहान आणि दुसऱ्याला मोठी दिसते.

हा मोतीबिंदू नव्हे

मोतीबिंदूत समोरची भिंग गढूळ होते. त्यामुळे धुरकट, धुक्यासारखे दिसते, पण सरळ रेघ वाकत नाही. पडद्याचा आजार चष्म्याने जात नाही आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननेही जात नाही. दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात. म्हणून मोतीबिंदूच्या शिबिरात गेलात तरी स्पष्ट सांगा, “मला रेघा वाकड्या दिसतात, पडदा तपासा.”

दुसरी फसगत अशी की आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो. एक डोळा चांगला असला की मेंदू त्याच्यावर काम भागवतो आणि दुसऱ्याचा बिघाड झाकून ठेवतो. आमच्या आईचे असेच झाले. डोळा झाकला नसता तर आणखी कित्येक महिने कळले नसते.

घरी करायची चाचणी

स्वित्झर्लंडचे डोळ्यांचे डॉक्टर मार्क आम्सलर यांनी यासाठी एक साधा तक्ता रूढ केला. जगभर डॉक्टर आजही तो वापरतात. घरीही तो करता येतो. कोऱ्या कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढा. त्यात अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारा आणि मधोमध एक ठळक ठिपका द्या. मुलांच्या वहीतले चौकटीचे पानही चालते.

आता चांगल्या उजेडात बसा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. कागद एका फूटपट्टीच्या अंतरावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर धरा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. उघड्या डोळ्याने फक्त मधल्या ठिपक्याकडे पाहा. नजर न हलवता स्वतःला विचारा: सगळ्या रेघा सरळ आहेत का? कुठे लाट, खड्डा, पुसटपणा किंवा डाग आहे का? चारही कोपरे दिसतात का? मग दुसऱ्या डोळ्याने हेच करा.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि ज्यांचा एक डोळा आधीच बिघडला आहे त्यांनी आठवड्यातून एकदा हे करावे. कागद नसेल तर दाराची चौकट, खिडकीचे गज, विजेचा खांब पाहा. पण लक्षात ठेवा, चाचणीत सारे सरळ दिसले म्हणजे पडदा निरोगीच आहे असे नाही. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायलाच हवा.

कारणे कोणती?

मधुमेह हे आपल्या वस्त्यांतले मोठे कारण. वाढलेल्या साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पीतबिंदूला सूज येते. साखरेसोबत रक्तदाब वाढलेला असेल तर नुकसान लवकर होते. नुसत्या रक्तदाबानेही पडद्याची शीर तुंबू शकते.

दुसरे कारण वय. उतारवयात पीतबिंदू झिजतो. याचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात झीज हळूहळू, वर्षानुवर्षे होते. ओल्या प्रकारात पडद्याखाली कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, गळतात आणि काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका जास्त असतो.

काहींच्या पडद्यावर पातळ साय धरते आणि तिच्या ओढीने सुरकुती पडते. काहींच्या पीतबिंदूला बारीक छिद्र पडते. तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत ताणामुळे किंवा स्टेरॉइडच्या औषधाने पडद्याखाली पाणी साचते. ते पुष्कळदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे. दमा, गुडघेदुखी, खाज यांवर कोणी दिलेल्या गोळ्या, इंजेक्शन, मलम यांत स्टेरॉइड असू शकते. म्हणून घेत असलेली सारी औषधे डॉक्टरांना दाखवा. मनाने बंदही करू नका.

सिकलसेल असलेल्या मुलांचे डोळे

विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सांधे दुखवतात, हे आपल्याला माहीत असते. त्याच पेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्याही तुंबवतात. मग तिथे कच्च्या वाहिन्या फुटतात, डोळ्यात रक्त उतरते, पडदा सुटूही शकतो. सुरुवातीला मुलाला काहीच जाणवत नाही. म्हणून सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाचा पडदा दहाव्या वर्षापासून वर्षा-दोन वर्षांनी तपासावा. नुसत्या वाहकाला सहसा हा त्रास होत नाही. मात्र वाहकाच्या डोळ्याला मार लागून रक्त साचले तर डॉक्टरांना आपण वाहक असल्याचे आधी सांगावे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणीला आलेल्या आशाताईंना परत पाठवू नका.

तपासणी आणि उपचार

पडदा पाहण्यासाठी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात. पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही. म्हणून सोबत माणूस न्या, गाडी चालवत परतू नका. ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याच्या थरांचा फोटो निघतो. त्यात सुई नाही, दुखत नाही. कधी हाताच्या शिरेत पिवळा रंग सोडून फोटो काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी पिवळी-केशरी होते, घाबरू नका.

मधुमेहाची सूज आणि ओला प्रकार यांवर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, आमच्याही आला होता. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात आणि पांढऱ्या भागातून बारीक सुई काही क्षण जाते. ही इंजेक्शने एकदाच घेऊन भागत नाही. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक अशी घ्यावी लागतात. दोन घेऊन “आता बरे वाटते” म्हणून थांबणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच नजर हातची जाते. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागात रक्ताचा डाग दिसला तर तो काही दिवसांत विरतो. पण दुखणे वाढत गेले, डोळा लाल झाला, नजर आणखी कमी झाली तर त्याच दिवशी परत जा.

साय आणि छिद्र यांवर गरज पडल्यास ऑपरेशन असते. छिद्राच्या ऑपरेशनानंतर काही दिवस मान खाली घालून राहावे लागू शकते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. उपचाराने रेघ पुन्हा पूर्ण सरळ होईलच असे नाही. आहे ती नजर टिकवणे हा पहिला हेतू. म्हणूनच लवकर जाणे महत्त्वाचे. रेघ नव्याने वाकडी दिसू लागली तर आठवड्याच्या आत दाखवा. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, एकाएकी काळे ठिपके उडणे, बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार येणे, ही पडदा सुटल्याची खूण असू शकते. तेव्हा त्याच दिवशी निघा.

कुठे जावे?

कारध्याहून पूल ओलांडला की भंडारा, तिथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत. आपल्याला कोणते उपचार मोफत मिळू शकतात, हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा. नजर कायमची बरीच कमी झाली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास अनेक सवलती मिळतात. तो हक्क आहे, मागायला लाजू नका.

रोजचे जगणे

पीतबिंदूच्या आजाराने सहसा पूर्ण अंधार होत नाही. मधले बिघडते, बाजूचे राहते. त्यामुळे चालणे-फिरणे, घरकाम चालू ठेवता येते. आमच्या घरी आम्ही काही बदल केले. वाचताना दिवा समोर न ठेवता खांद्यामागून ठेवला. पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा मारला. भात स्टीलच्या चकाकत्या ताटात न वाढता रंगीत ताटात वाढतो, चहा पांढऱ्या कपात देतो. मीठ आणि साखरेचे डबे वेगळ्या आकाराचे केले. भिंग आणले. सरळ न बघता थोडे बाजूला बघितले की चेहरा ओळखू येतो, हे आई सरावाने शिकली.

नोटा ओळखायला कडेच्या उठावदार तिरक्या रेघा बोटाने चाचपा: नव्या शंभराच्या नोटेवर चार, पाचशेच्या नोटेवर पाच. रिझर्व्ह बँकेचे ‘मणि’ हे ॲप नोटेची किंमत बोलून सांगते.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून घरात घबराट उडते. नजर बरीच कमी झालेल्या काहींना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसू लागतात. हे भूत नाही, करणी नाही, वेडही नाही. चित्र कमी पडले की मेंदू आपल्याकडची चित्रे भरतो. १७६० मध्ये शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांबाबत याची नोंद केली आणि या अवस्थेला त्यांचेच नाव मिळाले. अशा माणसाला मांत्रिकाकडे नेऊ नका. शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

आईला सगळ्यात जास्त लागले ते वाचन सुटल्याचे. “आता माहा काय उपयोग,” म्हणायची. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांनाही मधुमेहाने घेरले होते, दृष्टी मंदावली होती. त्यांचे टंकलेखन नानकचंद रत्तू करून देत. त्याच दिवसांत ज्या ग्रंथावर त्यांनी शेवटचा हात फिरवला, तो आपण विहारात वाचतो. दुसऱ्याचे डोळे घेऊन काम करण्यात कमीपणा नाही, हे आम्ही आईला एवढेच सांगून समजावले.

आता नात वाचते आणि आई अर्थ सांगते. विहाराच्या भिंतीवर, दाराजवळ, आम्ही चौकटीचा कागद लावला आहे. आत येणारा प्रत्येक जण एकेक डोळा झाकून त्याकडे बघतो. तुमच्याही विहारात असा एक कागद लावा. आणि आज घरी गेल्यावर आईबाबांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहायला सांगा.