पाव इंचाचा उतार

अमेरिकेत हिरवळ किती? क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ साली मांडलेला अंदाज सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटरचा आहे. निम्म्याहून अधिक महाराष्ट्र व्यापेल एवढे गवत, आणि तेही गुरांना न घालता नुसते कापायचे! अनेक गावांत गवत किती वाढू द्यायचे याचे नियम आहेत; मर्यादा ओलांडली की दारात नोटीस. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून न्यू जर्सी किंवा टेक्सासच्या उपनगरात गेलेल्या मराठी कुटुंबालाही हा उद्योग चुकत नाही. आवार अर्ध्या-पाऊण एकराचे असले, तर ढकलायचे यंत्र पुरत नाही. बसून चालवायचा मोअर घ्यावा लागतो.

त्याचे कूळ शेतातले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली ‘कब कॅडेट’ आणला, जॉन डिअरने १९६३ साली ‘११०’. गावाबाहेर पसरत चाललेल्या वस्त्यांतले गिऱ्हाईक ट्रॅक्टरवाल्यांनी अचूक हेरले होते. पण सीट, स्टिअरिंग, दिवे हा नुसता सरंजाम. खरे काम पोटाखालचा डेक करतो.

डेक म्हणजे जाड पत्र्याची उपडी परात. ४२ इंची डेकमध्ये बहुधा दोन पाती असतात, ५४ इंचीत तीन. प्रत्येक पात्याच्या स्पिंडलवर एक पुली, आणि इंजिनाच्या तळाच्या पुलीवरून आलेला बेल्ट त्यांना फिरवतो. यंत्राने गवत कापण्याची मूळ रीत मात्र निराळी होती. एडविन बडिंगने १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडाची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ते सुचले होते. त्यात गवत कात्रीसारखे दोन धारांमध्ये सापडते, आणि गोल्फच्या ग्रीनवर आजही तीच पद्धत चालते. डेकमधल्या पात्यासमोर मात्र दुसरी धार नसते. ते निव्वळ वेगाच्या जोरावर गवत उडवते. अमेरिकी मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे ताशी जवळजवळ ३४७ किलोमीटर. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. ती हवा वर खेचते, लवलेले गवत उभे करते आणि कापलेले बाजूच्या तोंडातून बाहेर फेकते. म्हणूनच डेकच्या आत वाळक्या गवताचा थर चढला, की धार ताजी असूनही कापणी बिघडते.

नव्या मालकाच्या एक गोष्ट उशिरा ध्यानात येते: डेक घट्ट आवळलेला नसतो, टांगलेला असतो. बसवताना यंत्र सपाट फरशीवर उभे करून किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून दूर ठेवायची. पुढची चाके पूर्ण वळवली, की डेक बाजूने आत सरकवायला वाट होते. उंचीचा दांडा सगळ्यात खालच्या खाचेत टाकायचा. मग पुढची लिंक, मागचे दोन हात, प्रत्येकाला पिन आणि पिनेला क्लिप. इथवर सोपे. माणूस घामाघूम होतो तो बेल्टपाशी. स्प्रिंगने ताणलेली आयडलर पुली एका हाताने ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने बेल्ट चढवायचा, निमुळती बाजू स्पिंडलच्या खाचेत जाईल अशा बेताने. बेल्टला पीळ राहिला, तर पाती सुरू करताच जळका वास येतो. डेक उतरवण्याआधीच बेल्टच्या वाटेचा फोटो काढून ठेवणारा शहाणा.

जुळणीचे पहिले हत्यार पाना नव्हे, टायरच्या हवेचा गेज. एका टायरात हवा कमी असली, की डेकही त्या बाजूला कलतो. तसाच नट फिरवून तो सरळ केला, तर हवा भरल्यावर पुन्हा वाकडा. हवा झाली, की जाड हातमोजे घालून पाती आडवी करायची आणि डाव्या-उजव्या टोकांपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजायचे. दोन्हींत १/८ इंचाहून जास्त फरक असेल, तर लिंकचा नट फिरवायचा. हे चुकले, की हिरवळीवर दर फेरीला एक पायरी उमटते.

मग पाती पुढे-मागे वळवायची. पुढचे टोक मागच्यापेक्षा १/८ ते १/४ इंच खाली हवे. गवत कापले जाते ते पुढच्या कडेला; मागून येणाऱ्या टोकाने त्यावरून मोकळे फिरावे. मागची बाजू खाली गेली, तर तेच गवत दोनदा मार खाते, शेंडे फाटतात आणि इंजिन धापा टाकते.

डेकच्या कडेची छोटी चाके पाहून पुष्कळ जण फसतात. डेकचा भार त्यांच्यावर टाकायचा नसतो. ती जमिनीपासून पाव ते अर्धा इंच वर राहावीत. उंचवटा आला, की ती टेकतात आणि पाते मातीत घुसत नाही.

मिनेसोटा-मिशिगनकडे हिवाळ्यात डेक उतरवून ट्रॅक्टरच्या पुढे बर्फ फेकणारे यंत्र लावतात. तिथे ही उतरव-चढव दरवर्षीची. हा वैताग ओळखून जॉन डिअरने छोट्या ट्रॅक्टरांसाठी ‘ऑटोकनेक्ट’ डेक काढला. जमिनीवरच्या डेकवरून ट्रॅक्टर नेला, की जोडणी आपोआप होते. खाली वाकायला नको. टायरची हवा मात्र तिथेही आधी बघावी लागते.