लढाई सुरू करणाऱ्यावर खटला होतो का?

नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रांचा धडा आहे. सुरक्षा परिषद, पाच कायम सदस्य, नकाराधिकार, सगळे फळ्यावर लिहून झाले होते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे प्रश्नही घरच्याच बोलीत आला. "सर, मोटरसायकलवाला ठोकर मारे तो केस होता. लड़ाई शुरू करनेवाले पे केस नहीं होता क्या?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. पण घरी आल्यावर प्रश्न पुन्हा डोक्यात आला. वीस वर्षे इतिहास शिकवतो आहोत. कोणती लढाई कोणी जिंकली, तह कोणता झाला, सन काय, हे विचारत आलो. ती सुरू करणाऱ्याला नंतर कोणी जाब विचारला का, हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.

आमच्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. सिंदखेडराजा तालुक्यातले साखरखेर्डा वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी तिथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखानाला निजामाविरुद्ध आतून फूस होती ती खुद्द दिल्लीचे बादशहा मुहम्मदशहा यांची. मुबारिझखान पडला, त्याचे दोन मुलगेही गेले. निजामाने गावाचे नाव फतेखेर्डा ठेवले. आणि ज्या बादशहांनी ही लढाई लावून दिली, त्यांनीच पुढे विजेत्याला 'आसफजाह' हा किताब दिला. दोन्हीकडे मेलेले सैनिक एकाच बादशहाची रयत होते. त्यांच्या बायकापोरांनी कोणाच्या दारात फिर्याद न्यायची? ज्याच्या दारात न्यायची, लढाई त्याचीच होती.

अशी फिर्याद एकदा खरोखर उभी राहिली होती, आणि तीही आपल्या महाराष्ट्रातल्या युद्धावरून. ती हकिगत शाळेच्या पुस्तकात अर्धीच येते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले, एवढे प्रत्येक मुलाला पाठ असते. पुढचे पाठ नसते. गादी हातची गेल्यावर राघोबादादा इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला तह झाला. मुंबईच्या इंग्रज कौन्सिलने फौज द्यायची, राघोबांनी त्या फौजेचा महिन्याला दीड लाख रुपये खर्च सोसायचा आणि साष्टी व वसई इंग्रजांना द्यायची. एका माणसाला गादी हवी होती, दुसऱ्या पक्षाला बेट हवे होते. त्या सौद्यावर सात वर्षे युद्ध चालले.

मुंबईकरांनी हा तह कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला न विचारता केला होता. कलकत्त्याने खडसावले: हे युद्ध अन्यायाचे आहे, धोक्याचे आहे, तुम्हाला तसा अधिकारच नव्हता. त्यांनी १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. एवढ्यात लंडनच्या संचालकांचे पत्र आले की सुरतेचा तह आम्हाला पसंत आहे! साष्टी त्यांनाही हवीच होती. मग पुन्हा फौज निघाली. माणसे साधारण चार हजार आणि ओझ्याला बैल एकोणीस हजार. हा आकडा वर्गात सांगितला तेव्हा शेतकऱ्यांची मुले एकदम गप्प झाली. बैलांची किंमत त्यांना कळते. मराठ्यांनी वाटेतला चारा आणि गावे जाळत जाळत माघार घेतली. इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरणागतीचा करार लिहून दिला. जळालेली गावे मात्र आपलीच होती.

आता शिक्षा कोणाला झाली ते पाहा. त्या मोहिमेचे प्रमुख कार्नाक, एजर्टन आणि कॉकबर्न यांना कंपनीने नोकरीतून काढले. हरल्याबद्दल! तह करून युद्ध ओढवून आणणाऱ्या कौन्सिलला त्या वेळी कोणी हात लावला नाही. राघोबादादांना १७८२ च्या सालबाईच्या तहाने महिना पंचवीस हजार रुपये नेमून मिळाले आणि ते कोपरगावला जाऊन राहिले. खुनाबद्दल त्यांना दोषी म्हणणारा एक न्यायाधीश निघाला. युद्धाबद्दल पुण्यात कोणी विचारले नाही.

विचारले ते लंडनमध्ये. कर्नाटकात आणि मराठ्यांशी युद्धे का झाली याच्या चौकशीसाठी ब्रिटिश संसदेने समिती नेमली होती. तिचे प्रमुख होते हेन्री डंडास. २८ मे १७८२ रोजी संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ठराव केला की गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी यांनी राष्ट्राच्या इभ्रतीला व धोरणाला न शोभणारे वर्तन केले, हिंदुस्थानवर मोठी संकटे आणली आणि कंपनीला अफाट खर्चात घातले, म्हणून त्यांना परत बोलवावे. कंपनीच्या भागधारकांनी हेस्टिंग्जला परत बोलावू दिले नाही, तो भाग वेगळा. पण दोन वर्षांनी, १७८४ च्या पिटच्या कायद्यात, कलमच घातले गेले. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे बेत आखणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आहे, आणि लंडनची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारू नये.

हे कलम वाचून आम्ही थोडे चकित झालो. राज्यकर्त्याने मनाला येईल तेव्हा युद्ध करू नये, असा लेखी कायदा, आणि त्यामागच्या कारणांत पुण्या-वसईचे युद्ध!

पुढे एडमंड बर्क यांनी हेस्टिंग्जवर संसदेत २२ आरोप मांडले. त्यांत मराठा युद्धावरचे एक होते. पहिला आरोप रोहिल्यांचा. अवधचे नवाब शुजाउद्दौला यांच्याकडून ४० लाख रुपये ठरवून हेस्टिंग्जने कंपनीची फौज भाड्याने दिली होती आणि २३ एप्रिल १७७४ रोजी रोहिल्यांचे सरदार हाफिज रहमतखान त्या लढाईत मारले गेले. रोहिल्यांनी कंपनीचे काही बिघडवले नव्हते. यापेक्षा सरळ मामला कोणता असणार? पण जून १७८६ मध्ये कॉमन्सने हा आरोप ६७ विरुद्ध ११९ मतांनी फेटाळला. चार वर्षांपूर्वी हेस्टिंग्जवर ठपका ठेवणारे डंडास आता सरकारात होते. त्यांचे म्हणणे असे की त्या युद्धानंतर संसदेने हेस्टिंग्जला पुन्हा त्याच पदावर नेमले, म्हणजे ती चूक माफच झाली. वकिली डोके म्हणतात ते हे. बाकी आरोपांवर खटला १७८८ मध्ये सुरू झाला आणि सात वर्षे चालला. मराठा युद्धाच्या कलमाची सुनावणी झालीच नाही. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला वर्षाला चार हजार पौंड लावून दिले. तारीख वाचकांनी पाहिली असेलच. हाफिज रहमतखानांना जाऊन त्या दिवशी बरोबर २१ वर्षे झाली होती.

बरे, १७८४ च्या कलमाचे काय झाले? त्यात एक सवड ठेवली होती. ज्या राजाचे रक्षण करण्यास कंपनी तहाने बांधलेली आहे त्याच्यावर कोणी चालून येत असेल, तर परवानगीची वाट पाहायला नको. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावांशी असाच रक्षणाचा तह झाला. मग पेशव्यांना गादीवर बसवणे हे 'रक्षण' ठरले आणि शिंदे व भोसले यांच्याशी युद्ध सुरू झाले. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. असई आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालन्यात, आडगाव अकोल्यात, गाविलगड अमरावतीत. म्हणजे कायद्याने बंद केलेले युद्ध त्या एका फटीतून निघून १९ वर्षांत आमच्या शेजारी येऊन थांबले. वर्ष संपायच्या आत देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातला हक्क गेला आणि मुलूख निजामाकडे आला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सारा कोणाला द्यायचा तेवढे नव्याने कळवण्यात आले.

युद्धाचा न्याय न्यायालयात होऊच शकत नाही, हे राजकारणाचे काम आहे, असे आमचे एक सहकारी म्हणाले. त्यांना आम्ही समरकंदची हकिगत सांगितली. बलाजुरी आणि तबरी या जुन्या इतिहासकारांनी ती नोंदवली आहे. कुतैबा बिन मुस्लिम यांनी समरकंद घेतले. पुढे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) खलिफा झाले तेव्हा तिथल्या लोकांनी फिर्याद केली की आमचे शहर दगा करून घेतले गेले. खलिफांनी काजी नेमण्याचा हुकूम दिला. काजींनी निकाल दिला की मुस्लिम फौजेने शहराबाहेर आपल्या छावणीत जावे, आणि मग नव्याने तह तरी व्हावा किंवा बरोबरीने लढाई तरी. लहानपणी आम्ही या हकिगतीचा शेवट फार गोड ऐकला होता. जुन्या ग्रंथात तो तसा नाही. शहरातले लोकच म्हणाले, पुन्हा लढाई नको, आहे तसे राहू द्या. कुतैबा तोवर हयात नव्हते, त्यामुळे त्यांना जाब देता आला नाही. पण जिंकलेल्या बाजूच्याच काजीने, जिंकलेल्या बाजूविरुद्ध, लढाई कशी सुरू झाली एवढेच पाहून निकाल दिला. हे आठव्या शतकात.

विसाव्या शतकात न्यायाधीश आले ते जिंकलेल्यांचे, आणि आरोपी हरलेले. न्यूरेंबर्गमध्ये १९४६ साली आक्रमक युद्ध पुकारणे हा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरला. न्यायासनावर सोव्हिएत न्यायाधीश होते, ज्यांच्या देशाने १९३९ मध्ये पोलंडचा अर्धा वाटा घेतला होता. टोकियोच्या खटल्यात ११ न्यायाधीशांपैकी एक कलकत्त्याचे राधाबिनोद पाल. त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष म्हटले. जपानी फौजेची क्रूरता त्यांनी नाकारली नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा असा कायदाच नव्हता, आणि अर्धी दुनिया फौजेच्या बळावर दाबून बसलेल्यांनी तो शिकवू नये, एवढे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला पालसाहेबांचे दुसरे वाक्य पटते, पहिले पुरते पटत नाही. कायदा कधीतरी पहिल्यांदा लागू होणारच.

आता कायदा आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला १७ जुलै २०१८ पासून आक्रमणाच्या गुन्ह्याचा खटला चालवता येतो. तो शिपायावर चालत नाही, देशाची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यावरच चालतो. फट इथेही आहेच. जे देश सदस्य नाहीत त्यांच्या नेत्यांवर सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवल्याशिवाय हा खटला होत नाही. अमेरिका, रशिया, चीन सदस्य नाहीत, आणि परिषदेत नकाराधिकारही त्यांनाच. आपला भारतही सदस्य नाही.

इराकचे युद्ध २००३ चे. ब्रिटनच्या चिलकॉट समितीने २०१६ मध्ये १२ खंडांत लिहिले की शांततेचे मार्ग संपलेले नसताना ब्रिटन युद्धात उतरला. पुढच्याच वर्षी इराकी सैन्याचे एक माजी प्रमुख टोनी ब्लेअर यांच्यावर खटला भरू द्या म्हणून लंडनच्या न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी सांगितले, आक्रमण हा इंग्लंडच्या कायद्यात गुन्हाच नाही. आपल्या घरातलेही सांगायला हवे. सद्दाम हुसेन यांना फाशी झाली ती दुजैल गावातल्या १४८ माणसांच्या हत्येसाठी. इराणवर त्यांनी लादलेल्या आठ वर्षांच्या युद्धाचा खटला चालला नाही. बगदादच्या न्यायाधिकरणाच्या कायद्यात युद्धाचे कलम होते, पण ते 'अरब देशा'विरुद्ध फौज वापरण्यापुरते. इराण अरब नाही. आणखी एक फट.

मुलाला उत्तर द्यायचे होते, म्हणून शनिवारी वर्गातच अदालत भरवली. आरोपी मुंबई कौन्सिल. कौन्सिलच्या वकिलीला चौघे तयार झाले, पेशव्यांच्या बाजूला तिघे. राघोबादादा व्हायला कोणी तयार नव्हते, शेवटी वर्गप्रमुखाला बसवले. न्यायाधीशाच्या खुर्चीत आठवीतून बोलावलेली एक मुलगी. दोन्हीकडचे वकील बोलून झाल्यावर तिने विचारले, "जिन के गाँव जले, जिन के बैल गए, उन का वकील कौन है?" कोणीच उभे राहिले नाही. प्रश्न विचारणारा तो शेवटच्या बाकावरचा मुलगाही खाली पाहत होता. तिने कागद आवरले आणि तारीख दिली. पुढची सुनावणी येत्या शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर.