ऑस्कर, वर्ण आणि हरल्यावरची टाळी

अभिनयासाठी ऑस्करची चार पारितोषिकं आहेत: मुख्य अभिनेता, मुख्य अभिनेत्री, सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री. प्रत्येकासाठी पाच नामांकनं होतात. ती अकादमीचे अभिनेते-सभासद ठरवतात. विजेता मात्र छायाचित्रकार, संकलक, संगीतकार अशा सगळ्याच शाखांचे सभासद मिळून निवडतात. वीसपैकी सोळा जण त्या रात्री हरतात. नाव पुकारलं जाताना पाचही चेहरे पडद्यावर दिसतात, त्यामुळे हरणाऱ्याने हसून टाळ्या वाजवायच्या हा अलिखित नियमच होऊन बसला आहे.

शर्यतीत सगळे एकच अंतर धावतात. अभिनयात पाच जणांनी पाच वेगळ्या भूमिका केलेल्या असतात, आणि मुळात भूमिका कुणाच्या वाट्याला येते हा प्रश्न गुणवत्तेच्याही आधीचा आहे. हॉलिवूडमध्ये त्याचं उत्तर कित्येक दशकं कातडीचा रंग देत होता. चिनी शेतकरी कुटुंबावरच्या 'द गुड अर्थ' या १९३७च्या चित्रपटात नायक-नायिका गोरे होते. नायिकेची भूमिका करण्याची चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग यांची इच्छा होती. ती लुइसा रायनर यांना मिळाली आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन यांनी वेगळी वाट धरली. आपला जन्म टास्मानियातला असल्याचं सांगून त्यांनी मिश्र वंश लपवला आणि 'द डार्क एंजल'साठी मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळवलं. त्यांचं जन्मरहस्य जगाला कळलं ते १९७९मध्ये त्यांच्या निधनानंतर.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या. 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमी या दासीच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता. निर्मात्याने खास परवानगी काढली, तरी त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आलं. त्याआधी अटलांटात झालेल्या पहिल्या खेळालाही वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्या जाऊ शकल्या नव्हत्या. त्याच पारितोषिकासाठी हरलेल्या ऑलिव्हिया डी हॅविलंड याच चित्रपटातल्या. पराभव त्यांना फार लागला होता. मॅकडॅनियल यांचा विजयच न्याय्य होता हे पुढे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. मॅकडॅनियल यांच्या वाट्याला मात्र त्यानंतरही बहुतेक मोलकरणीच्याच भूमिका आल्या. यश मिळूनही दार उघडू नये, ही या कहाणीतली सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

पुढची कृष्णवर्णीय विजेती अभिनेत्री, व्हूपी गोल्डबर्ग, १९९१मध्ये आली. मध्ये ५१ वर्षं गेली. कृष्णवर्णीयांमध्ये मुख्य अभिनेत्याचा पहिला मान सिडनी पॉइटिए यांना १९६४मध्ये मिळाला होता, मुख्य अभिनेत्रीचा पहिला मान हॅली बेरी यांना २००२मध्ये.

निकाल निवडणाऱ्यांवर किती अवलंबून असतो, याचं एक उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचं आहे. 'गांधी'मधल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना १९८३मध्ये ब्रिटिश अकादमीचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक विभागून मिळालं. त्याच भूमिकेला ऑस्करचं नामांकनसुद्धा नव्हतं.

२०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना गेली. 'क्रीड' या चित्रपटाचा दिग्दर्शक कृष्णवर्णीय, नायक कृष्णवर्णीय. नामांकन मिळालं ते सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने २०१२मध्येच दाखवून दिलं होतं, की अकादमीचे सुमारे ९४ टक्के मतदार गोरे आणि ७७ टक्के पुरुष आहेत. मोठ्या टीकेनंतर अकादमीने महिला आणि अल्पसंख्य वंशांच्या सभासदांची संख्या २०२०पर्यंत दुप्पट करण्याचं ठरवलं. यामुळे गुणवत्तेला मुरड घातली जाईल हा तेव्हाचा आक्षेप टिकणारा नाही, कारण आधीची निवडही रंगापासून अलिप्त नव्हती.

२०२१मध्ये दिवंगत चॅडविक बोसमन यांना मुख्य अभिनेत्याचं पारितोषिक मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. मिळालं ते सोहळ्याला हजर नसलेल्या, ८३ वर्षांच्या अँथनी हॉपकिन्स यांना. दुसऱ्या दिवशी वेल्समधून दिलेल्या छोट्या संदेशात त्यांनी बोसमन यांना आदरांजली वाहिली. जिंकणाऱ्यालाही शालीनता लागते, आणि ती त्यांच्याकडे होती.

२०२३मध्ये सहायक अभिनेत्रीसाठी जेमी ली कर्टिस यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा अँजेला बॅसेट जागेवर बसून राहिल्या. चेहऱ्यावरची निराशा त्यांनी लपवली नाही. काहींनी त्यांना खिलाडूपणा नसल्याचा दोष दिला. त्यांचं पहिलं नामांकन १९९४मधलं, दुसरं जवळजवळ तीस वर्षांनी आलेलं. ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळण्याची खात्री आहे, त्याला टाळी वाजवणं सोपं जातं. दोन संधींमध्ये इतकी वर्षं गेलेल्या कलाकाराकडे तेच हसू मागणं अन्यायाचं होतं. बॅसेट यांनी कुणाचा अपमान केला नाही, निकालावर आक्षेपही घेतला नाही. जानेवारी २०२४मध्ये अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिलं. ते नामांकनाविना, संचालक मंडळाच्या मतांवर दिलं जातं.