आवणीचा हिशेब आणि कृत्रिम न्यूरॉन

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलकडे पावसाळ्यात घरोघरी एकच खल चालतो: आवणी आज धरायची की थांबायचं? खाचरात चिखलणीपुरतं पाणी आहे का, राबावरचं रोप तयार झालंय का, माणसं मिळतील का, आणि लावलेलं रोप वाहून जाईल इतका पाऊस तर नाही ना? बाबी चार, पण उत्तर एकच हवं. कृत्रिम न्यूरॉनही हेच करतो.

पाण्याला 5, रोपाला 4, माणसांना 3 आणि मुसळधार पावसाला उणे 4 असे 'भार' देऊ. (आकडे माझे, तिथला शेतकरी असा कागद घेऊन बसत नाही.) प्रत्येक बाब 0 ते 1 मध्ये मोजायची, तिच्या भाराने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज 8 च्या पुढे गेली तर 'हो'; हा 8 म्हणजे 'उंबरठा'. पाणी आहे, रोप तयार, माणसं नाहीत, पाऊस बेताचा: 9. घरच्या घरी का होईना, आवणी धरा. तेवढ्यात मुसळधार कोसळला तर 5, म्हणजे थांबा. पावसाचा जोर निम्म्यावर आला आणि माणसंही आली, तर 5+4+3−2, म्हणजे 10. पुन्हा 'हो'.

वॉरन मॅकलॉक आणि विशीतला वॉल्टर पिट्स यांनी 1943 मध्ये असा न्यूरॉन कागदावर मांडला, तेव्हा विरोधी बाबीला सरळ नकाराधिकार होता: ती आली की बाकीचं काहीही असो, उत्तर 'नाही'. शिवाय तो काही शिकत नसे. फ्रँक रोझेनब्लाट यांच्या 'मार्क वन पर्सेप्ट्रॉन' या यंत्राला मात्र शिकता येई: त्यात चित्र बघायला 400 फोटोसेल होते आणि भार म्हणजे चक्क फिरवायची बटणं. उत्तर चुकलं की विजेच्या मोटारी ती बटणं फिरवून भार बदलत. शिकणं म्हणजे काय, हे यापेक्षा उघडपणे कुठल्याच यंत्राने दाखवलेलं नसेल.

पण एकटा न्यूरॉन एका साध्या पेचात अडकतो. बैलजोडी एक, औत धरू शकणारे भाऊ दोन. कोणीच आला नाही तर काम नाही. एक आला तर काम होतं. दोघे आले तर भांडण, पुन्हा काम नाही. कुठलाही एक भाऊ एकट्याने उंबरठा ओलांडत असेल, तर दोघांची बेरीज तो ओलांडणारच; भार कितीही बदला. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांनी 1969 मध्ये नेमक्या अशाच मर्यादांवर बोट ठेवलं.

तोड मात्र सोपी आहे. एक न्यूरॉन फक्त 'निदान एक तरी आला का' हे पाहील, दुसरा 'दोघेही आले का' हे. तिसरा पहिल्याच्या 'हो'ला 1 भार देईल, दुसऱ्याच्या 'हो'ला उणे 2, आणि बेरीज शून्याच्या वर गेली तरच औत जुंपायला सांगेल. असे थर रचणं अवघड नव्हतं. मधल्या थरांतले भार यंत्राने स्वतः कसे शोधायचे, हा खरा प्रश्न होता. चूक शेवटून मागे पोचवत प्रत्येक भार थोडाथोडा सुधारण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या 1986 च्या लेखानंतर रूढ झाली.