ध्वनिमुद्रक आणि त्याचे उपयोग

मुखांतून गेलेला शब्द आणि धनुष्यापासून सुटलेला बाण परत येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणत आले आहेत. बाणाविषयीं हें अद्यापि खरें आहे. शब्दाविषयीं मात्र मनुष्यानें कांहीं युक्ति साधली आहे. १८७७ सालीं एडिसननें अमेरिकेंत फोनोग्राफ तयार केला. १८९८ सालीं डेन्मार्कच्या पौलसन ह्यानें पोलादी तारेवर लोहचुंबकाच्या साह्यानें आवाज उमटविला. १९६३ सालीं फितीची कॅसेट निघाली. आतां तर मुठींत मावणारा डिजिटल ध्वनिमुद्रक मिळतो, व ज्याच्यापाशीं तो नाहीं त्याच्या मोबाईल फोनांत तेंच काम करणारी सोय बहुधा असते. परंतु साधन जवळ असणें निराळें आणि त्याचा चांगला उपयोग करणें निराळें. म्हणून ह्या विषयावर आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आवाज म्हणजे हवेचा कंप होय. मायक्रोफोनमधील पातळ पडदा ह्या कंपाबरोबर हालतो, व त्यामुळें विजेच्या दाबांत चढउतार होतो. जुन्या यंत्रांत हा चढउतार फितीवर जसाच्या तसा उमटत असे. डिजिटल यंत्र तो मोजून आंकड्यांत लिहून ठेवतें. कल्याणच्या खाडीपाशीं बसून कोणी दर घटकेस पाण्याची उंची मोजली व वहींत लिहिली, तर पुढें ती वही पाहून भरतीओहोटीचें चित्र कागदावर पुन्हा काढतां येईल. यंत्राचें काम तसेंच आहे. फरक इतकाच कीं, चांगल्या प्रतीच्या मुद्रणांत तें एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजणी करतें, व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवितें.

ह्या हिशेबानें एका मायक्रोफोननें घेतलेलें एक मिनिटाचें बोलणें सुमारें ५ मेगाबाइट जागा घेतें. अशा मुद्रणास वेव्ह फाईल म्हणतात. एमपी३ ह्या प्रकारांत कानास सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. म्हणून तेवढेंच बोलणें सुमारें १ मेगाबाइटांत मावतें. व्याख्यान टिपण्यास एमपी३ पुरेसा आहे. परंतु एकदां गाळलेलें परत मिळत नाहीं; म्हणून जें नातवंडांसाठीं ठेवावयाचें तें वेव्हमध्येंच घ्यावें.

धंद्यांत ह्या यंत्राचे उपयोग उघड आहेत. मुलाखत घेणाऱ्या वार्ताहरास, मसुदा सांगणाऱ्या वकिलास, सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या चिटणिसास तें साह्य करतें. कोण काय बोललें ह्याविषयींचा वाद तेथल्या तेथें मिटतो. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणें योग्य प्रमाणपत्र जोडल्यास असें मुद्रण न्यायालयांत पुरावा म्हणूनही सादर करतां येतें. मात्र मूळ फाईल कापाकापी न करतां जशीच्या तशी जपली पाहिजे.

विद्यार्थ्यास तर हा एक निःपक्षपाती शिक्षकच आहे. वक्तृत्वाची तयारी करणाऱ्यानें आपलें भाषण टिपून एकदां शांतपणें ऐकावें. कोठें घाई झाली, कोठें शब्द गिळला, ‘चमचा’ आणि ‘चहा’ ह्यांतील ‘च’ बरोबर उच्चारला कीं नाहीं, हें कोणी न सांगतां कळतें. दृष्टिहीन सोबत्यासाठीं एखादा धडा वाचून टिपून दिल्यास त्याच्या अभ्यासास मोठा हातभार लागतो. आणि डोंबिवलीहून आगगाडीनें रोज जाणाऱ्या पालकासही गर्दींत पुस्तक उघडतां येत नसलें तरी कान मोकळे असतात.

परंतु ह्या सर्वांहून मोठें एक कार्य आहे, व तें आपल्या दारांतच आहे. लिहिलेल्या शब्दास ह्या भागांत आश्रय जुना आहे: कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ग्रंथ सांभाळीत आलें आहे. बोललेल्या शब्दास असा आश्रय घरोघरींच द्यावा लागेल. डोंबिवलीच्या आसपास आयरे, आजदे, भोपर, निळजे हीं मूळचीं गांवें. त्यांच्या शेतांच्या जागीं आज इमारती उभ्या आहेत. येथील आगरी समाजांत लग्नविधि चालतांना धवले म्हणणारी धवलारीण असते. तिचीं गाणीं तिला आजीपणजीकडून तोंडींच मिळालेलीं असतात. तीं कागदावर उतरवितां येतील. पण ‘पाणी’स ‘पानी’ म्हणणारी तिची बोली, तिचा हेल, मध्येंच घेतलेला श्वास, हें कागदावर उतरत नाहीं. धवलारीण गेली म्हणजे तें तिच्याबरोबर जातें.

हें काम मोठ्या मंडळींनीं हलकें मानलेलें नाहीं. सर जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या अनुषंगानें १९१३ ते १९२९ ह्या काळांत हिंदुस्थानांतील अनेक भाषा व बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतल्या गेल्या, व त्या आजही ऐकतां येतात. महाराष्ट्रांत हेमा राईरकर व गी पॉइत्वां ह्यांनीं खेडोपाडींच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. बर्नार बेल ह्यांनीं १२० तासांहून अधिक गायन मुद्रित केलें. जातीं घरांतून गेलीं. ओव्या मात्र राहिल्या. आणि २०१७ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीस भरलें, तेव्हां त्याचें यजमानपद आगरी यूथ फोरमनें घेतलें होतें. ज्यांनीं साहित्याचा एवढा सत्कार केला, त्यांच्या घरांतील वाङ्मय निःशब्द होऊं नये.

मुद्रण करतांना कांहीं पथ्यें पाळावीं. पंखा बंद करावा, खिडकी लावावी व स्वयंपाकघरापासून दूर बसावें. यंत्र घडी केलेल्या पंचावर, बोलणाराच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर ठेवावें. आरंभीं दिनांक, स्थळ व बोलणाराचें नांव उच्चारावें. अर्धें मिनिट घेऊन ऐकून पाहावें व मगच पुढें जावें. प्रश्न लहान विचारावा. उत्तर चालू असतां मध्यें बोलूं नये. आजी थांबली तरी घाईनें दुसरा प्रश्न करूं नये, कारण पुष्कळदां आठवण त्या स्तब्धतेनंतरच येते. काम संपल्यावर त्याच दिवशीं तीन प्रती कराव्या, व त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचें पथ्य संमतीचें. चोरून कोणाचें बोलणें टिपणें हें सभ्य मनुष्यास शोभत नाहीं, मग तो सोबती असो वा शिक्षक. मुद्रण करावयाचें आहे हें आधीं सांगावें, कशासाठीं तें सांगावें, व ‘हें कोणाला ऐकवूं नको’ असें आजीनें म्हटलें तर तो शब्द पाळावा. विश्वासानें दिलेलें बोलणें म्हणजे ठेवच होय.

येत्या सुटींत आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील सर्वांत वडील मनुष्यापाशीं एक तास बसावें, एवढीच आमची विनंती आहे. यंत्र उद्यांही बाजारांत मिळेल. तो आवाज मात्र उद्यां मिळेलच असें नाहीं.