जर्जर म्हातारपण आणि मोजमापाचा प्रश्न

म्हातारपणी माणूस एकाच रोगाने आजारी नसतो. गुडघे, डोळे, दमा, साखर, रक्तदाब आणि त्यावर एकटेपणा, हे सारे त्याला एकदम घेरतात. शरीराची झीज इतकी झालेली असते की साधा तापही अंथरुणाला खिळवतो. अशा माणसाला दहा दारे हिंडायला न लावता दवाखाना, घरी येणारी परिचारिका, औषधपाणी आणि घरातली मदत ह्यांची एकच आखणी करायची व तिची जबाबदारी एका माणसावर सोपवायची, ह्याला एकात्मिक सेवा म्हणतात. पण ही सेवा फळली की नाही, हे ठरवायचे कसे?

इटलीतील रोव्हेरेतो येथे २०० वृद्धांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीची सेवा होती, निम्म्यांना एकात्मिक. वर्षभरात दुसऱ्या गटातील वृद्धांना रुग्णालयात कमी वेळा जावे लागले, त्यांची शक्ती कमी खालावली आणि खर्चही घटला. उलट, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ३४६ जर्जर वृद्धांवरील प्रयोगात परावलंबन कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून कल्पनाच फोल ठरत नाही. तुलना नेहमी 'नेहमीच्या सेवे'शी होते. जिथे प्रत्येक कुटुंबाला ठरलेला डॉक्टर आहे, तिथे नव्या सेवेने भर घालायला जागा थोडीच उरते. आपल्याकडे दलित वस्तीतील म्हातारीची 'नेहमीची सेवा' म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढल्याशिवाय कोणतीही तुलना प्रामाणिक होणार नाही.

दुसरा प्रश्न मोजपट्टीचा. १९६३ साली सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पट्टी आजही वापरली जाते. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे ह्या सहा गोष्टी माणूस स्वतः करतो का, हे ती पाहते. पण संडास वस्तीच्या टोकाला, वाट चिखलाची आणि रात्री दिवा नाही, अशा ठिकाणची म्हातारी 'परावलंबी' ठरते तेव्हा दुबळेपणा तिच्या पायांत किती आणि वस्तीच्या रचनेत किती? पट्टी सारा दोष शरीराच्या खाती मांडते आणि व्यवस्था निर्दोष सुटते.

आपल्या देशात २०१०-११ साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि खिळलेल्यांना घरभेटी, अशी त्याची मांडणी आहे. घरभेटींचा आकडा नोंदवहीत येतो. परंतु येणारी व्यक्ती उंबऱ्याच्या आत आली का, मनगट हातात घेऊन नाडी पाहिली का, हे आकडा सांगत नाही. हा संशय निराधार नव्हे. गुजरात व राजस्थानातील दलित मुलांविषयी संघमित्रा आचार्य ह्यांनी २०१० साली मांडलेल्या अभ्यासात तपासताना, औषध देताना स्पर्श टाळला जात असल्याचे अनुभव नोंदलेले आहेत. नातवाला जे भोगावे लागते ते आजीला चुकत असेल, असे कोणत्या आधारावर मानायचे?

तेव्हा मूल्यमापनाच्या प्रत्येक अहवालाकडे आपण काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. आकडे जातीनिहाय व वस्तीनिहाय वेगळे द्यावेत, कारण गावाच्या सरासरीत वस्ती हरवते. पाणी आणि संडास किती दूर आहे, त्याचा रकाना असावा. केंद्रापर्यंत जे पोचलेच नाहीत, त्यांची मोजदाद घरोघर जाऊन व्हावी. आणि सेवा कशी मिळाली हे खुद्द म्हाताऱ्या माणसाला, त्याच्या बोलीत विचारावे. शेवटची दोन कामे आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि वस्तीतील कार्यकर्ते आजही हाती घेऊ शकतात.