उत्तनचा बुटका डोंगर

डोंगर म्हटला की आपल्याला कळसूबाई आठवते, नाहीतर राजगड. ज्यावर चढताना धाप लागत नाही, त्याला आपण टेकाड म्हणून मोडीत काढतो. युरोप-अमेरिकेत मात्र अशा बुटक्या डोंगरांचीही चंगळ असते. हिवाळ्यात बर्फ पडला की लहानथोर पायांना पट्ट्या बांधून उतारावरून घसरतात. बर्फ वितळला की ज्या पाळण्यांतून माणसं वर जात, त्यांतूनच सायकली वर जातात आणि पोरं सुसाट खाली येतात. डोंगर बारा महिने कामाला!

आमच्या भाईंदरात बर्फ पडायचा नाही. (पडलाच तर कोळणी तो मासळीसाठी उचलून नेतील.) पण बुटका डोंगर आहे. स्टेशनाच्या पश्चिमेकडून निघून मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकली की डोंगरी येते, पुढे उत्तन. इथलं पंचांग मात्र उलटं. मे महिन्यात चढ अंगावर येतो, पावसात रस्ता निसरडा. सायकलचा खरा मोसम थंडीचा. रविवारी पहाटे मीरा रोड, बोरिवलीकडून टोळ्या निघतात. शिरस्त्राणं काय, चकचकीत गियर काय! मी आपली साधी सायकल चढावर हातात धरून चालतो. त्यामुळे झाडं, समुद्र आणि वलांड्यांवर वाळणारे बोंबील नीट दिसतात. बोंबील वाळवायचा मोसमही हाच. वास त्या चकचकीत मंडळींना सोसत नाही, पण तोच तर उत्तनचा पत्ता.

या बुटकेपणाला हसू नये. याच भागात, वसईच्या खाडीच्या तोंडाशी, धारावीचा किल्ला आहे. (मुंबईतली धारावी ती वेगळी, हे पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं.) पलीकडे पोर्तुगीजांची वसई. तिथे समुद्रातून येणारी रसद या उंचीवरून रोखता येई. मार्च १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. सह्याद्रीतला एखादा उत्तुंग कडा इथे काय कामाचा होता?

आज याच परिसरातल्या धावगीच्या डोंगरावर शहराचा घनकचरा प्रकल्प आहे. १९८५ साली इथे नगरपालिका आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती ८ लाखांवर गेली. एवढ्यांचा केर कुठेतरी जाणारच. माझ्या घरची बादलीही त्यात आली. साचलेल्या ढिगांना आगी लागतात, धूर गावांत उतरतो. गावकरी वर्षानुवर्षं तक्रारी करताहेत. २०२५ मध्ये डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची गोष्ट निघाली, तेव्हाही विरोधाला तेच उभे राहिले. आम्ही इमारतीतले लोक डोंगर फक्त रविवारी वापरतो.

जायचं असेल तर उजाडताना निघा. गोराईवरून मनोरी गाठलीत की तरीतून सायकलीसकट मार्व्याला उतरता येतं. सुक्या बोंबलांची पुडी घ्यायला विसरू नका. मात्र धावगीकडून धूर येत असेल तर त्या दिवशी चढ टाळा. पायडल मारताना श्वास खोल जातो. उत्तनच्या शाळकरी पोरांना असा दिवस टाळता येत नाही.